गाभण शेळीच्या कुशीला कान लावून

वरळी कोळीवाड्यात शेवंतामावशींच्या घरामागे जाळी वाळत घालायची मोकळी जागा आहे आणि तिच्या कडेला पत्र्याच्या आडोशाखाली चांदी नावाची शेळी बांधलेली असते. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी ती गाभण होती आणि तिचे दिवस भरत आले होते. त्याच सुमारास जवळच्या मैदानावर ढोल-ताशा पथकाचा सराव रोज संध्याकाळी चालत असे. मी सुके सोडे घ्यायला गेले होते (श्रावण होता, पण आमच्याकडे श्रावण पाळत नाहीत), तेवढ्यात पहिला ठोका पडला. मावशींनी माझा हात धरून शेळीच्या पोटावर ठेवला आणि म्हणाल्या, "बघ पोरी, आतलं पिल्लू कसं दचकतंय." माझ्या तळव्याखाली खरोखरच काहीतरी जड, संथ सरकले. मी पंचवीस वर्षे ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात आहे, त्यामुळे आवाजाने काहीही हलू शकते यावर माझा चटकन विश्वास बसतो, आणि त्या दिवशीही तो बसला.

दोन दिवसांनी कोळीवाड्यातल्या कुत्र्यांना लस टोचायला येणाऱ्या पशुवैद्यकाला मी हा प्रसंग सांगितला, तेव्हा तो हसला. मी हात ठेवला होता तो शेळीच्या डाव्या कुशीवर, आणि डाव्या बाजूला असते ते तिचे पोट, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावरांचा तो पहिला, सर्वांत मोठा कप्पा. तो मिनिटाला एकदा-दोनदा आपोआप आकुंचन पावतो, मग बाहेर ढोल वाजो की कीर्तन चालो. पिल्लू चाचपायचे असेल तर उजव्या कुशीच्या खालच्या भागावर हात ठेवून हलकेच आत ढकलावे लागते. मी ढोलाला दाद देणारे पिल्लू समजत होते तो शेळीचा सकाळचा पाला होता. ही चूक मला इतकी झोंबली की पुढचे काही महिने मी गर्भातल्या जनावरांना काय ऐकू येते आणि झोपेत ते त्याचे काय करतात, याविषयी मिळेल ते वाचत राहिले.

आधी आवाज आत पोहोचतो का, हे पाहू, कारण तो भाग माझ्या धंद्याच्या जवळचा आहे. विसर्जनाची मिरवणूक तिसऱ्या गल्लीत असते तेव्हा खिडक्या लावून घरात बसल्यावर ताशाची तडतड ऐकू येत नाही, झांजा तर मुळीच नाहीत, पण ढोलाचा धम्म मात्र बरगड्यांपर्यंत येतो. भिंत वरचे स्वर खाते आणि खालचे सोडून देते. शेळीचे किंवा मेंढीचे शरीर हीसुद्धा अशीच एक भिंत आहे, पण तिच्यात पाणी आहे, आणि त्याने गणित थोडे बदलते. हवेतून आलेला आवाज सपाट पाण्यावर आदळला की त्याची जवळजवळ सगळी शक्ती उलटून परत जाते, आत शिरते ती हजारातला एक भाग. हे वाचून गर्भाशय म्हणजे अगदी शांत खोली असावी असे वाटते, आणि जुन्या काळी अनेकांना तसे वाटतही होते. परंतु शंभर हर्ट्‌झच्या आवाजाची हवेतली एक लाट सुमारे साडेतीन मीटर लांब असते. एवढ्या लांब लाटेपुढे शेळी ही भिंत ठरतच नाही. लाटेचा दाब तिच्या सर्व अंगाला एकाच वेळी चेपतो आणि सोडतो, आणि तोच दाब आतल्या पाण्यात जवळपास तसाच उमटतो. उलट चार हजार हर्ट्‌झची लाट नऊ सेंटिमीटरचीही नसते. तिच्यापुढे शेळीचे पोट हा डोंगर असतो.

हे नुसते गणित नाही. १९८० साली इंग्लंडमध्ये मार्गारेट व्हिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाभण मेंढ्यांच्या गर्भजलाच्या पिशवीत पाण्यात चालणारे छोटे मायक्रोफोन बसवले आणि कोकराला दिवसभर काय ऐकू येत असेल ते मुद्रित केले. बाहेरचे आवाज आत पोहोचत होते, सरासरी तीस डेसिबलने मंदावलेले, पण पोहोचत होते. मेंढीजवळ कोणी मोठ्याने बोलले तर तेही. सर्वांत जास्त भरून राहिलेले आवाज मात्र आईचेच होते: खाणे, पिणे, रवंथ, श्वास, अंग हलवणे. आईच्या हृदयाची धडधड, जिच्यावर आपल्याकडे कविता रचल्या जातात, ती त्या ध्वनिमुद्रणात सापडलीच नाही. पुढे अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठात केनेथ गेरहार्ट आणि रॉबर्ट एब्रम्स यांनी मेंढ्यांवरच वर्षानुवर्षे काम करून हा हिशेब बारकाईने मांडला. सुमारे अडीचशे हर्ट्‌झच्या खालचे आवाज फारसे न मंदावता आत जातात, त्याच्या वरचे क्रमाक्रमाने गळतात आणि काही हजार हर्ट्‌झवर ही गळती वीस डेसिबलच्या आसपास जाते. शिवाय गर्भाच्या मधल्या कानात हवा नसून पाणी असल्यामुळे पडदा आणि हाडांची साखळी तिथे कामाची नसते. आवाज कवटीच्या हाडांतून थेट आतल्या कानात उतरतो. म्हणजे गर्भाच्या बाबतीत ऐकणे आणि अंगाने कंप जाणवणे या दोन गोष्टी आपण करतो तितक्या वेगळ्या करताच येत नाहीत.

मेंढीच का, असा प्रश्न मलाही पडला होता. तिचे दिवस पाच महिन्यांच्या आत भरतात, पोटात एक किंवा दोनच पिल्ले असतात, त्यांचा आकार मनुष्याच्या अर्भकाच्या जवळपासचा असतो, आणि मेंढी शस्त्रक्रियेनंतरही शांतपणे चारा खात उभी राहते. गर्भाच्या झोपेबद्दल आपल्याला जे काही ठामपणे माहीत आहे त्यातले बरेचसे या गरीब जनावराच्या पोटातून आलेले आहे.

एवढे वाचल्यावर मी स्वतः काही करून पाहिल्याशिवाय राहणे शक्य नव्हते. एका रविवारी मी पृष्ठभागाचा कंप पकडणारा काँटॅक्ट माइक, म्हणजे एरवी तबल्याच्या लाकडाला किंवा व्हायोलिनला चिकटवतात तो, चांदीच्या उजव्या कुशीला कापडी पट्टीने बांधला आणि सरावाची वेळ होईपर्यंत हेडफोन लावून बसले. चांदीने एकदा पट्टीचे टोक चघळून पाहिले आणि मग मला विसरून गेली. पहिली वीस मिनिटे जे ऐकू आले त्याला सांगायला मला एकच उपमा सुचते: भरतीच्या वेळी खडकांच्या फटीत पाणी शिरते आणि बुडबुडत बाहेर येते, त्याचा आवाज. मध्येच दातांचा एकसुरी करकराट, मग घशातून वर येणाऱ्या घासाची एक लांब घरंगळ, पुन्हा करकराट. मग सराव सुरू झाला. ताशा जवळजवळ नाहीसाच झाला होता; ढोलाचा प्रत्येक ठोका मात्र आला, त्याची कातड्याची धार गेलेली, फक्त एक गोल, मऊ ढकला उरलेला. शेळीच्या कातड्याबाहेर ऐकलेला हा आवाज होता, आत अजून काहीतरी वेगळे असणार, हे मला माहीत आहे. पण पत्र्याखाली बसून त्या ठोक्यांच्या मधोमध रवंथीची लय न बदलता चालू राहिलेली ऐकताना, आत कोणाला जागे करण्याइतके यात काय आहे, हा प्रश्न पहिल्यांदा मला नीट पडला.

कारण मावशींचा शब्द होता 'दचकतंय', आणि दचकायला आधी जागे असावे लागते असे आपण धरून चालतो. ऑक्सफर्डमध्ये जेफ्री डॉज यांच्या गटाने १९७२ साली दाखवून दिले की दिवस भरत आलेल्या कोकराचा मेंदू आईच्या पोटात दोन अवस्थांमध्ये आळीपाळीने जातो. एका अवस्थेत मेंदूच्या विद्युत लहरी बारीक आणि जलद असतात, बंद पापण्यांखाली डोळे भराभर फिरतात आणि पाणी भरलेल्या छातीने श्वासाचा सराव चालतो. दुसरीत लहरी मोठ्या आणि संथ असतात, डोळे थांबतात, श्वासाचा सरावही थांबतो. आपल्या स्वप्नांच्या झोपेशी आणि गाढ झोपेशी या दोन्हींचे साम्य उघड आहे. मग जागेपण कुठे आहे? कॅनडात हेन्रिक रिगॅटो आणि सहकाऱ्यांनी तर मेंढीच्या कुशीत चक्क पारदर्शक खिडकी बसवली, आणि १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत पोटातले कोकरू गिळताना, जीभ हलवताना, पाय ताणताना दिसले, पण डोळे उघडून हेतुपूर्वक मान वळवणारे, म्हणजे जागे कोकरू त्यांना दिसले नाही. न्यूझीलंडचे डेव्हिड मेलर यांनी २००५ साली सहकाऱ्यांबरोबर याच्या कारणांची जुळणी केली: गर्भाच्या रक्तातला प्राणवायू कमी, झोप आणणारे ॲडेनोसिन मुबलक, वारेतून आणि गर्भाच्या स्वतःच्या मेंदूतून येणारी गुंगीची संप्रेरके, ऊब, तरंगणे. थोडक्यात, कोकरू पोटात कधी जागे होतच नाही, आणि बाहेर येऊन पहिले श्वास घेतल्यावर पहिल्यांदा जागे होते, असे त्यांचे म्हणणे आहे.

मला हे म्हणणे पटते, पण त्याचा जो अर्थ लोक काढतात तो पटत नाही. जागे नाही म्हणजे बंद आहे, असे नव्हे. मनुष्याच्या गर्भाचेच पाहा. १९२५ साली आल्ब्रेश्ट पायपर या जर्मन डॉक्टरांनी गर्भवती स्त्रियांजवळ मोटारीचा भोंगा वाजवून पोटातल्या हालचाली नोंदवल्या, आणि भोंगा पुनःपुन्हा वाजवला की हालचाल कमी होत जाते हेही त्यांच्या लक्षात आले. (मुंबईत हा प्रयोग करायला वेगळा भोंगा लागला नसता.) १९८३ साली अमेरिकेत अल्ट्रासाउंडवर पाहताना असे दिसले की पोटावर कंप पावणारे यंत्र टेकवले की चोविसाव्या-पंचविसाव्या आठवड्यापासून काही गर्भ पापण्या घट्ट मिटतात आणि अठ्ठाविसाव्यानंतर जवळजवळ सर्वच. त्या वयाच्या बाळाला जागे म्हणण्याइतकी अवस्थाच अजून तयार झालेली नसते. प्रसूतिगृहांत हाच कंप बाळाला गाढ झोपेतून हलवून तपासणी लवकर उरकण्यासाठी वापरला जातो, आणि त्यावर आक्षेपही आहे तो नेमका झोपेवरूनच: निवांत झोपेत असलेल्या गर्भाला असा धक्का दिला तर त्याच्या हृदयाचे ठोके बराच वेळ चढलेले राहतात आणि त्याच्या अवस्थांचा नेहमीचा क्रम विस्कटतो. दचकणे हे जागेपणाचे लक्षण नसून मेंदूच्या देठातून, कानापासून स्नायूंपर्यंत जाणाऱ्या एका आखूड वाटेचे काम आहे. मावशींचे पिल्लू दचकले असेलच, तर ते झोपेतच दचकले.

इथे मला महाभारतातली एक गोष्ट आठवते, आणि ती अभिमन्यूची नाही. अभिमन्यूच्या लोककथेत सगळा घोळ आईला झोप लागल्यामुळे होतो. पोटातला श्रोता झोपला होता का, हे कोणी विचारत नाही. वनपर्वातल्या अष्टावक्राच्या कथेत मात्र कहोड रात्रभर पठण करतो आणि पोटातले मूल त्याला म्हणते, बाबा, रात्रभर म्हणता आहात खरे, पण ते बरोबर होत नाही. चिडलेल्या बापाचा शाप आणि आठ ठिकाणी वाकलेले अंग हा पुढचा भाग सर्वांना ठाऊक आहे. मला त्यात रस आहे तो एवढ्याचसाठी की ऐकणे आणि त्यातले चूक-बरोबर ओळखणे यांत त्या कथेने फरक केला आहे, आणि प्रयोगशाळेत हाच फरक दिसला तो मेंढीच्या पोटात नव्हे, कोंबडीच्या अंड्यात.

अंडे एकवीस दिवसांत फुटते. मावशींची कोंबडी खुडूक बसली की एकोणीस-वीस दिवसांनी त्या एखादे अंडे उचलून माझ्या कानाला लावतात, आणि कवचाला एकही तडा गेलेला नसताना आतून बारीक, ओलसर चिवचिव ऐकू येते. तोवर पिल्लाने आतला पडदा फोडून अंड्याच्या बोथट टोकाकडच्या हवेच्या कप्प्यात चोच घातलेली असते आणि फुप्फुसे चालू केलेली असतात. शेजारची अंडी हे ऐकतात. व्हिन्स यांनीच, मेंढ्यांकडे वळण्याच्या आधी, लावा पक्ष्यांच्या अंड्यांवर दाखवले होते की चिकटून ठेवलेली अंडी एकमेकांच्या टकटकीवरून वेग जुळवतात आणि जवळपास एकाच वेळी फुटतात. वेगवेगळी ठेवली की तो मेळ राहत नाही. बदकांवर आयुष्यभर काम केलेल्या गिल्बर्ट गॉटलीब यांनी त्याहून चमत्कारिक गोष्ट दाखवली: अंड्यातल्या बदकाच्या पिल्लाला स्वतःचा आणि भावंडांचा आवाज ऐकू येऊ दिला नाही, तर बाहेर आल्यावर ते आपल्या जातीच्या आईची हाक आणि कोंबडीची हाक यांत गोंधळते.

झोपेचा धागा इथे येतो. २०१२ साली एव्हन बालाबान यांनी माद्रिदच्या मानुएल देस्को आणि हुआन होसे वाकेरो यांच्याबरोबर अंड्यातल्या कोंबडीच्या पिल्लांच्या मेंदूचे पेट स्कॅन (मेंदूचा कोणता भाग किती काम करतो आहे ते दाखवणारी तपासणी) केले, अंडे न फोडता. अंड्यातल्या काळाचा पहिला चार पंचमांश भाग संपेपर्यंत मेंदूत झोपेसारखीही काही रचना दिसत नव्हती. त्यानंतरच्या उरलेल्या दिवसांत झोपेसारख्या अवस्था उमटू लागल्या. मग त्यांनी काही अंड्यांना कोंबड्यांचे, पिल्लाच्या दृष्टीने अर्थ असलेले आवाज बराच वेळ ऐकवले आणि काहींना त्यांच्याशी मिळतेजुळते, पण अर्थ काढून टाकलेले आवाज. अर्थ नसलेल्या आवाजांनी झोप तशीच चालू राहिली. अर्थ असलेल्या आवाजांनी मेंदूचा वरचा भाग अशा रीतीने सक्रिय झाला की तो बाहेर येऊन जागे झालेल्या पिल्लाच्या मेंदूसारखा दिसू लागला.

मी हा भाग तीनदा वाचला. आवाजाची पातळी मोजणे हा माझा धंदा आहे, आणि इथे कोणाला जाग येणार हे पातळीने ठरत नव्हते. पोर्टेबल मीटर घेऊन वस्तीत हिंडणारे आम्ही लोक जे मोजतो ते पिल्लाच्या दृष्टीने अर्धेच आहे. जन्माआधीची झोप म्हणजे बंद दार, असे मानण्याऐवजी ती एक चाळणी आहे असे मी आता मानते: कंप जवळपास सगळेच आत येतात, शरीर त्यातल्या बऱ्याच गोष्टींना उत्तर देते, सवय लागली की देईनासे होते, आणि खरी जाग, जिथे ती शक्य असते तिथे, फारच थोड्या आवाजांसाठी राखून ठेवलेली असते.

अर्थात प्रत्येक जनावराची चाळणी निराळी. आमच्या इमारतीच्या जिन्याखाली एक मांजर वर्षातून दोनदा विते, आणि शेजारच्या पुनर्बांधणीच्या जागेवर सकाळी पायलिंग सुरू झाले की वरच्या मजल्यावरच्या काकू तिच्या पोटातल्या पिल्लांचे कान फुटतील म्हणून हळहळतात. मांजराच्या पिल्लांच्या कानांच्या नळ्या जन्मतानाही बंद असतात आणि पुढच्या एक-दोन आठवड्यांत उघडतात. पोटात त्यांना पायलिंग ऐकू येण्याचा प्रश्न नाही. ते अंगाला जाणवू शकते, कारण स्पर्श आणि तोल या संवेदना कानाच्या कितीतरी आधी तयार होतात. नव्वदच्या दशकात गाभण उंदरांच्या माद्या अंतराळयानातून नेऊन आणल्या गेल्या, तेव्हा त्यांच्या नवजात पिल्लांची पाण्यात उलटे सोडल्यावर सरळ होण्याची धडपड जमिनीवरच्या पिल्लांपेक्षा वेगळी निघाली. शेळी, मेंढी, गिनीपिग यांची पिल्ले मात्र ऐकणारे कान घेऊनच जन्मतात.

कंपातून अर्थ काढण्याचे काम कानाशिवायही होते. मध्य अमेरिकेतला लाल डोळ्यांचा झाडबेडूक तळ्यावर लोंबणाऱ्या पानांना अंडी चिकटवतो आणि ती साधारण सहा-सात दिवसांत फुटतात. सापाने अंड्यांच्या घोसाला तोंड घातले की चार-पाच दिवसांचे भ्रूण काही सेकंदांत कवच विरघळवून खाली पाण्यात उडी घेतात. पावसाची सर कोसळली तर मात्र जागेवरून हलत नाहीत. केरन वॉर्केंटिन यांनी कंपांची लांबी आणि त्यांच्यामधले अंतर बदलून बदलून वाजवून पाहिले, आणि भ्रूण नेमक्या याच गोष्टी तपासतात हे सिद्ध केले. स्पेनच्या किनाऱ्यावरच्या कुरव पक्ष्यांची गोष्ट २०१९ ची: मोठ्या पक्ष्यांचा धोक्याचा ओरडा ऐकवलेली अंडी घरट्यात परत ठेवली की जास्त थरथरतात, आणि ओरडा न ऐकलेल्या शेजारच्या अंड्यांतली पिल्लेही बाहेर आल्यावर गप्प राहून दबून बसायला शिकलेली असतात. वरळीच्या खडकांवर हिवाळ्यात कुरव दिसले की आता मला ते पाहुणे पूर्वीपेक्षा जरा जास्त गंभीर वाटतात.

चांदी अनंत चतुर्दशीच्या आदल्या रात्री व्याली. दोन करडे झाली, एक पाट आणि एक बोकड. दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेले तेव्हा मिरवणुका निघाल्या होत्या, पत्रा थरथरत होता, आणि दोन्ही करडे गोणपाटावर एकमेकांच्या अंगावर माना टाकून झोपली होती. पुढच्या रस्त्यावरून एक पथक अगदी जवळून गेले, मला छातीत ठोके जाणवले, करडांच्या अंगावरची कातडी एकदा शहारली आणि पुन्हा स्थिर झाली. मग चांदी पाणी पिऊन परतली आणि तोंड न उघडता, नाकातल्या नाकात, अगदी खालच्या सुरात घुमल्यासारखी बोलली. पाटीचा वरचा कान उभा राहिला, तिने डोळे उघडले आणि ती धडपडत उभी राहू लागली. बोकड झोपलेलाच होता.

मावशींनी माझ्याकडे पाहिले. "मग? पोटात ऐकत होती की नव्हती?"

"ऐकत होती, मावशी," मी म्हटले, "पण बहुतेक ढोल नाही."

"रवंथ?" त्या म्हणाल्या, आणि त्यांनी बोकडाला उचलून कासेला लावले.